डोंगरावरची ऊबदार झोप

डिसेंबर-जानेवारीत पुण्याहून लोणावळ्याची पहाटेची लोकल पकडणारी मुले तुम्ही पाहिली असतील. पाठीवर मोठी पिशवी आणि पिशवीला बांधलेली चटईची गुंडाळी. त्यांतली काही राजमाचीला निघालेली असतात. लोणावळ्यापासून उधेवाडी गावापर्यंत सुमारे १५ किलोमीटर चालावे लागते. श्रीवर्धन आणि मनरंजन हे राजमाचीचे दोन बालेकिल्ले या गावाच्या डोक्यावर उभे आहेत. एवढे चालून गेल्यावर रात्रीचा मुक्काम बहुधा गावातच होतो.

उद्या तुम्ही निघालात, तर झोपण्यासाठी बरोबर काय न्याल?

“घरातली गोधडी!” असे तुम्ही म्हणाल. गोधडी ऊबदार असते यात शंका नाही. पण जुन्या लुगड्यांचे थर शिवून केलेली गोधडी पाठीवर घेऊन चालून पाहा. दोन-तीन किलोंचे ओझे पहिल्या तासाला जाणवत नाही, चौथ्या तासाला मात्र खांदे दुखू लागतात. शिवाय पाणी, शिधा, बॅटरी हे सारे असतेच. म्हणून पांघरूण वजनाला हलके हवे आणि तरीही ऊबदार हवे. हे कसे जमते?

आधी एक गोष्ट समजून घ्या. पांघरूण स्वतः गरम नसते. ऊब असते ती आपल्याच शरीराची. पांघरूण तिला बाहेर जाऊ देत नाही, एवढेच. हे कामही मुख्यतः कापूस किंवा लोकर करत नाही, तर त्यांच्या तंतूंत अडकलेली हवा करते. एका जागी अडकलेल्या हवेतून उष्णता सहज बाहेर पडत नाही. पिंजारी काम करताना तुम्ही कधी पाहिला आहे का? जुन्या रजईतला कापूस दबून त्याचे गोळे होतात. मग ती रजई, म्हणजे तुमचे लिहाफ, कितीही ओढून घेतली तरी थंडी वाजते. पिंजारी तो कापूस पिंजतो. कापूस तेवढाच, वजनही तेवढेच. पण तो फुलतो आणि रजई पुन्हा ऊबदार होते. पिंजाऱ्याने त्यात भरली ती फक्त हवा!

गिर्यारोहकांची स्लीपिंग बॅग याच तत्त्वावर बनते. ती म्हणजे चेन लावलेली, पिशवीसारखी रजईच. तिच्यात बदकांची किंवा हंसांची मऊ पिसे भरतात, नाहीतर पॉलिएस्टरचे बारीक तंतू भरतात. पिसे फारच हलकी असतात. थोड्या वजनात ती पुष्कळ हवा धरून ठेवतात. २०१२ साली पुण्याच्या ‘गिरिप्रेमी’ संस्थेचे गिर्यारोहक एव्हरेस्टच्या शिखरावर पोहोचले. तेवढ्या उंचीवरच्या कडाक्याच्या, कोरड्या थंडीत पिसांना तोड नाही. पण पिसे ओली झाली की एकमेकांना चिकटतात, त्यांतली हवा निघून जाते आणि ऊबही जाते. आपल्या सह्याद्रीत हिवाळ्याच्या पहाटे दव पडते. पवना धरणाच्या काठावर उघड्यावर झोपलात, तर सकाळी पांघरूण ओलसर लागेल. पॉलिएस्टरची बॅग थोडी जड असते, साधारण एक-दीड किलोची. पण ओलावली तरी ती बरीचशी ऊब टिकवते. किंमतही कमी. माझे मत विचाराल, तर राजमाचीसाठी हीच घ्यावी. आपल्या मेंढपाळांची लोकरीची घोंगडीही ओल चांगली सोसते. धनगर तिच्यावर उघड्या माळावर रात्री काढत आले आहेत. तिचे वजन मात्र गोधडीसारखेच खांद्याला कळते.

आता जमिनीकडे वळू. अनेकजण जाड पांघरूण घेतात आणि अंथरुणाचा विचारच करत नाहीत. मग रात्री दोन वाजता पाठ गार पडते आणि झोप उडते. असे का होते? तुम्ही स्लीपिंग बॅगेत झोपलात, की तुमच्या अंगाखालचा भाग दबतो. त्यातली हवा निघून जाते. गार जमीन मग शरीरातली उष्णता ओढून घेते. म्हणून अंगाखाली न दबणारी वस्तू हवी. फोमची चटई त्यासाठीच असते. ट्रेकला जाणारी मुले तिला कॅरीमॅट म्हणतात. ती अर्ध्या किलोच्या आसपास भरते आणि फार महागही नसते. फुगवायची गादी मऊ असते खरी, पण बाभळीचा एक काटा तिला पुरतो. पैसे थोडे असतील, तर आधी चटई घ्या. अंगावर घरातली हलकी रजई आणि कोरडा स्वेटर, कानटोपी, पायमोजे एवढ्यावर एक रात्र भागते. चटई नसेल, तर वर्तमानपत्रांचे चार-सहा थर किंवा सुके गवत अंथरले तरी फरक पडतो.

दुकानात स्लीपिंग बॅगेवर तापमानाचे आकडे दिसतील. ‘कम्फर्ट’ म्हणजे ज्या तापमानात आरामात झोप लागते ते, आणि ‘लिमिट’ म्हणजे जेमतेम निभावते ते. विकणारा कधीकधी लहान आकडाच दाखवतो. तुम्ही कम्फर्टचा आकडा पाहा. पुण्यात जानेवारीत काही रात्री पारा १० अंशांच्या खाली जातो. १७ जानेवारी १९३५ रोजी तर तो १.७ अंशांवर उतरला होता! एक गंमत म्हणजे, निरभ्र आणि शांत रात्री गार हवा जड होऊन दरीत उतरते. त्यामुळे कधीकधी नदीकाठी डोंगराच्या खांद्यापेक्षा जास्त थंडी असते. डोंगरावर त्रास होतो तो वाऱ्याचा. म्हणून भिंतीच्या किंवा झाडीच्या आडोशाला, पाण्यापासून थोडे वर झोपावे. काही गडांवर रात्री राहायला बंदी आहे, तेव्हा आधी चौकशी करून जावे.

आणखी एक गोष्ट नीट लक्षात ठेवा. कितीही थंडी वाजली तरी पेटती शेगडी किंवा निखारे तंबूत किंवा बंद खोलीत नेऊ नका. कोळसा जळताना कार्बन मोनॉक्साइड हा वायू तयार होतो. त्याला वास नसतो, रंगही नसतो. झोपलेल्या माणसाला तो कळत नाही आणि झोपेतच जीव जातो. शेकोटी बाहेरच शेकावी, विझवावी आणि मग आत यावे. झोपण्यापूर्वी पोटभर जेवावे, कारण शरीराची ऊब अन्नातूनच तयार होते. चालताना घामेजलेले कपडे बदलावेत. तोंड मात्र बॅगेबाहेर ठेवावे, नाहीतर श्वासातली वाफ आतच जमते.

सकाळी निघण्यापूर्वी बॅग उलटी करून अर्धा तास उन्हात टाका. घरी आल्यावर ती घट्ट गुंडाळून माळ्यावर टाकू नका. मोठ्या सुती पिशवीत सैल ठेवा किंवा खुंटीला टांगा, म्हणजे आतले तंतू दबणार नाहीत.