दुर्बल आम्लांचें सामर्थ्य

गेल्या उन्हाळ्यांत, शाळेस सुट्टी लागण्यापूर्वीं, एका विद्यार्थ्यानें वर्गांत प्रश्न केला, "सर, न तापविलेलें दूध सकाळपासून सायंकाळपर्यंतही टिकत नाहीं, मग विरजलेलें दहीं दोन दिवस आणि शिरक्यांत घातलेल्या मिरच्या कित्येक महिने कशा टिकतात?" "आम्लामुळें," असें मीं सांगतांच दुसरा म्हणाला, "पण आपल्या पुस्तकांत तर त्यांस दुर्बल आम्लें म्हटलें आहे!" शंका मार्मिक होती. तिचें उत्तर पालकांसही उपयोगी पडेल, म्हणून येथें देत आहें.

दह्यांत लॅक्टिक आम्ल असतें, शिरक्यांत ॲसेटिक, लिंबांत सायट्रिक व चिंचेंत टार्टारिक. गोव्याच्या ख्रिस्ती घरांत माडाच्या शिरक्यांत मांस मुरवितात, त्याचेंही मर्म हेंच. हायड्रोक्लोरिक आम्लासारखें प्रबल आम्ल पाण्यांत पडतांच त्याचे कण फुटून हायड्रोजनचे विद्युद्भारित कण सुटे होतात. दुर्बल आम्लाचे कांहीं कण मात्र अखंड राहतात. त्यास दुर्बल म्हणावयाचें तें एवढ्याच अर्थानें. आणि हे अखंड कणच जंतूंचे खरे वैरी होत.

जंतूच्या देहाभोंवतीं भक्कम पेशीभित्तिका असते व तिच्या आंत एक पातळ पटल असतें. भित्तिका गढीच्या तटाप्रमाणें देहाचा आकार राखते. जंतु वाढत असतां तिचे जुने बंध तोडणारीं व नवे चिरे बसविणारीं विकरें, म्हणजे एन्झाइमें, सतत काम करीत असतात. भित्तिकेंतून लहान कण सहज जातात. पटल मात्र विद्युद्भारित कणांस अडवितें. अखंड आम्लकणांवर विद्युद्भार नसल्यामुळें ते त्यांतूनही आंत शिरतात.

आम्लता मोजण्याच्या पीएच मापांत शुद्ध पाण्याचा अंक 7 धरितात. अंक जितका कमी, तितकी आम्लता अधिक. पीएच 4 असतां ॲसेटिक आम्लाचे शंभरांतील सुमारें 85 कण अखंड असतात. जंतूच्या पोटांतील पीएच साधारणपणें 7 च्या आसपास असतो. तेथें पोहोंचतांच हजारांत सुमारें सहा अखंड राहून बाकीचे फुटतात. सुटे झालेले हायड्रोजनकण बाहेर घालविण्यांत जंतूची शक्ति खर्च होते, आंतील आम्लता वाढते आणि विकरें मंदावतात. भित्तिकेची सामग्री आंतच तयार होत असल्यानें तटाचें बांधकामही रखडतें व वाढ थांबते.

पेनिसिलिनची रीत निराळी. अलेक्झांडर फ्लेमिंग यांनीं 1928 सालीं शोधिलेलें हें औषध पुढें आपल्या पुण्याजवळ, पिंपरी येथें 1954 सालीं स्थापन झालेल्या हिंदुस्तान ॲंटिबायॉटिक्स कारखान्यांत तयार होऊं लागलें. तें भित्तिकेचे धागे सांधणाऱ्या विकरांसच जखडून टाकतें. पेनिसिलिन गवंड्याचे हात बांधतें. आम्ल गढींतील सर्वच कामकऱ्यांस थकवितें.

परंतु एक इशारा दिल्यावांचून हा लेख संपवितां येत नाहीं. आम्ल जंतूंची वाढ रोखतें. सर्व जंतु मारीत नाहीं. क्लोस्ट्रिडियम बोट्युलिनम हा घातक जंतु पीएच 4.6 च्या खालीं वाढत नाहीं, पण त्याचीं बीजुकें जिवंत राहतात. कित्येक बुरशींस तर आंबटपणा मानवतो. शिवाय अन्नांत एकदां विष तयार झालें, कीं वरून लिंबू पिळल्यानें तें नाहींसें होत नाहीं. म्हणून डब्यांतील नासलेली भाजी चिंच घालून सुधारूं नये, बुरशी आलेलें लोणचें वरचा थर काढून मुलांस वाढूं नये, आणि लोणच्याच्या शिरक्यांत अंदाजानें पाणी मिसळूं नये.

बरणी कोरडी असावी, तींत ओला चमचा घालूं नये, हा नियम आपल्या आज्या कारण ठाऊक नसतांही कसोशीनें पाळीत आल्या. ओल्या चमच्यानें पाणी जातें, जंतु जातात आणि आम्लता उतरते. आतां आपणांस कारण कळलें आहे. तेव्हां तो नियम अधिक काळजीनें पाळणें हें आपलें कर्तव्य होय.