कापसाची तेजी
(१८६१–६५). अमेरिकन यादवी युद्धाच्या काळात मुंबई इलाखा व वऱ्हाड येथील कापसाच्या भावात झालेली असाधारण वाढ. तिचे मूळ अमेरिकेच्या दक्षिणेकडील मळ्यांत होते. तंबाखू, भात व नीळ या पिकांबरोबर तेथे गुलामगिरी रुजली. १७९३ मध्ये एली व्हिटनी याने सरकी वेगळी करण्याचे यंत्र तयार केल्यावर कापसाची लागवड झपाट्याने पसरली. १७९० मध्ये सु. ७ लाख असलेली गुलामांची संख्या १८६० मध्ये सु. ४० लाख झाली. नव्या प्रदेशांत गुलामगिरीस मुभा असावी की नाही, यावरून उत्तर व दक्षिण यांत वितुष्ट वाढले. १८२० ची मिसूरी तडजोड ते मिटवू शकली नाही. १८६१ मध्ये युद्ध जुंपले. उत्तरेच्या आरमाराने दक्षिणेची बंदरे रोखल्यामुळे लँकाशरच्या गिरण्यांना हिंदी कापसावर विसंबावे लागले. मुंबईत पैशाचा ओघ येऊन शेअरांच्या सट्ट्याला ऊत आला. १८६५ मध्ये युद्ध संपताच भाव कोसळले व अनेक पेढ्या बुडाल्या. तेजीत शेतकऱ्यांची पत वाढली, तसे कर्जही वाढले. पुढे भाव उतरले, पण महसुलाची आकारणी चढत गेली. पुणे व अहमदनगर जिल्ह्यांतील १८७५ च्या दंग्यांच्या कारणांत याची गणना होते.

या युद्धातून महात्मा जोतीराव फुले यांनी वेगळा बोध घेतला. १८७३ मध्ये प्रसिद्ध झालेला गुलामगिरी हा ग्रंथ त्यांनी गुलामांना दास्यमुक्त करणाऱ्या अमेरिकेतील लोकांना अर्पण केला. शूद्रांच्या मुक्तीसाठी आपल्या देशबांधवांनी तो कित्ता गिरवावा, अशी इच्छा त्यांनी अर्पणपत्रिकेत व्यक्त केली आहे.