सहा नंबरची धून

१९९६ साली फिलाडेल्फियाच्या सहा नंबरच्या टीव्ही वाहिनीने आपल्या बातम्यांची जुनी धून नव्याने वाजवून घेतली. खर्चात किंवा मेहनतीत हात आखडलेला नव्हता. लंडनच्या नावाजलेल्या वाद्यवृंदातले वादक बोलावले होते, चालही तीच ठेवली होती, फक्त वाद्यमेळ भारदस्त केला होता. ती प्रसारित झाली आणि वाहिनीचे फोन खणखणू लागले. लोकांना ती नको होती. त्यांना १९७२ पासून कानावर पडत असलेली, काहीशी कर्कश, पितळी वाद्यांची मूळ धूनच हवी होती. काही दिवसांतच वाहिनीने माघार घेतली आणि जुनं ध्वनिमुद्रण परत आणलं.

त्याच वर्षाच्या सुरुवातीला याच वाहिनीचा मालक बदलला होता. डिस्ने कंपनीने कॅपिटल सिटीज–एबीसी हा समूह सुमारे १९ अब्ज डॉलरला विकत घेतला आणि त्यासोबत फिलाडेल्फियाची ही वाहिनीही डिस्नेकडे गेली. पडद्यावर त्याची खूण दिसली नाही. निवेदक तेच, नाव तेच, धून तीच. अमेरिकेतल्या स्थानिक बातम्यांचा पन्नास-साठ वर्षांचा इतिहास या दोन घटनांमध्ये मावतो असं मला वाटतं. मालकी कागदावर बदलते आणि प्रेक्षकाच्या घरी पोचतं ते नाव आणि संगीत.

आपल्याकडच्या वाचकासाठी एक गोष्ट आधी सांगायला हवी. अमेरिकेत प्रक्षेपणाचा परवाना एखाद्या शहरासाठी दिला जातो. एबीसी, सीबीएस, एनबीसी ही जाळी राष्ट्रीय कार्यक्रम पुरवतात, पण शहरातली वाहिनी त्यांच्याच मालकीची असेल असं नाही. पूर्वी ती एखाद्या वृत्तपत्र-घराण्याची असे, विमा कंपनीची असे, विजेची उपकरणं बनवणाऱ्या कारखानदाराची असे. मालिका आणि फुटबॉल जाळ्याकडून येतात, बातम्या मात्र वाहिनीच्या स्वतःच्या. म्हणून तिची खरी ओळख, आणि बरीचशी कमाई, संध्याकाळच्या स्थानिक बातम्यांवर ठरते. शहरातल्या तीन वाहिन्यांकडे त्या दिवशी आगीची, खुनाची, पावसाची साधारण तीच बातमी असते. मग प्रेक्षकाने आपल्याकडेच का यावं? या प्रश्नातून नावं, बोधचिन्हं आणि धुना जन्माला आल्या.

त्यातलं सर्वांत गाजलेलं नाव फिलाडेल्फियात रुजलं ते मालकीच्या एका भांडणामुळे. १९५५ मध्ये एनबीसीला फिलाडेल्फियात स्वतःची वाहिनी हवी होती. तिथे तिचे कार्यक्रम दाखवणारी वाहिनी वेस्टिंगहाउस या विजेची उपकरणं बनवणाऱ्या कंपनीची होती. एनबीसीने त्यांच्यापुढे अदलाबदलीचा प्रस्ताव ठेवला: तुमचं फिलाडेल्फिया आम्हाला द्या, आमचं क्लीव्हलँड तुम्ही घ्या, वर ३० लाख डॉलर देतो. प्रस्तावाच्या मागे धमकी होती. नाही म्हणालात तर आमचे कार्यक्रम बंद. वेस्टिंगहाउसने मान तुकवली, पण तक्रार सोडली नाही. प्रकरण न्यायखात्यापर्यंत आणि प्रक्षेपणावर देखरेख ठेवणाऱ्या एफसीसी या आयोगापर्यंत गेलं आणि शेवटी अदलाबदल उलटवण्याचा आदेश निघाला. जून १९६५ मध्ये वेस्टिंगहाउसची माणसं क्लीव्हलँडहून फिलाडेल्फियाला परतली. सोबत त्यांनी केवायडब्ल्यू हे आपलं परवान्याचं नाव आणलं, माइक डग्लस यांचा गप्पांचा कार्यक्रम आणला आणि अल प्रिमो नावाचा तरुण वृत्तप्रमुख आणला.

‘आयविटनेस न्यूज’ हे नाव प्रिमो यांनी शोधलेलं नाही. क्लीव्हलँडला ते आधीपासून वापरात होतं. प्रिमो यांनी त्या नावाला अर्थ दिला. तोवर बातम्या म्हणजे टेबलामागे बसलेला एक गंभीर माणूस आणि त्याच्या हातातला कागद. बातमी गोळा करणारा बातमीदार पडद्यावर फारसा दिसत नसे. प्रिमो यांनी त्यालाच कॅमेऱ्यासमोर उभं केलं. जो घटनास्थळी गेला, त्यानेच सांगायचं. पुढे ते न्यूयॉर्कच्या डब्ल्यूएबीसीमध्ये गेले आणि १९६८ मध्ये तिथेही हीच पद्धत आणली. शहरात जितक्या जातिवंशांची माणसं राहतात तितकी बातम्यांतही दिसावीत हा त्यांचा आग्रह होता. हेराल्डो रिव्हेरा हा तरुण वकील याच संचात बातमीदार म्हणून आला आणि १९७२ मध्ये त्याने विलोब्रूक इथल्या मतिमंद मुलांच्या सरकारी संस्थेतली भयानक अवस्था लोकांसमोर आणली. या शैलीला पुढे थिल्लर म्हणून बरीच नावं ठेवली गेली. निवेदकांचे आपसांतले विनोद, हसणं-खिदळणं यांनी ती टीका ओढवून घेतली हे खरं. पण विलोब्रूकची बातमी त्याच शैलीच्या पोटातून आली, हे टीकाकार सहज विसरतात.

न्यूयॉर्कला नव्या बातम्यांसाठी धून हवी होती. ती सापडली एका सिनेमात. ‘कूल हँड ल्यूक’ या १९६७ च्या चित्रपटात कैद्यांकडून रस्त्यावर डांबर टाकून घेण्याचा प्रसंग आहे. नायक ल्यूक ठरवतो की हे काम झपाट्याने उरकायचं. फावडी चालू लागतात, वेग वाढत जातो, पहारेकरी चक्रावतात. या प्रसंगाला लालो शिफ्रिन यांनी संगीत दिलं होतं. हे अर्जेंटिनात जन्मलेले, जाझमध्ये मुरलेले संगीतकार. ‘मिशन इम्पॉसिबल’ची धूनही त्यांचीच. डांबराच्या प्रसंगातले ते तुटक, सुरांवर सूर आपटत पुढे धावणारे ठोके ऐकले की तार-यंत्राचा कडकडाट आठवतो. एबीसीच्या मालकीच्या न्यूयॉर्क, शिकागो, लॉस एंजेलिस अशा शहरांतल्या वाहिन्यांनी ते संगीत बातम्यांसाठी उचललं. रस्त्यावर राबणाऱ्या कैद्यांसाठी लिहिलेलं संगीत कोट्यवधी घरांत ‘आता बातम्या’ असं सांगू लागलं. पुढे फ्रँक गारी यांनी याच धाटणीवर बातम्यांसाठी स्वतंत्र रचना केली आणि तीही देशभर पसरली. शिफ्रिन २०२५ मध्ये गेले. त्यांच्या तालाची छाया आजही कितीतरी बातम्यांच्या सुरुवातीला ऐकू येते.

फिलाडेल्फियात केवायडब्ल्यूच्या आयविटनेस न्यूजने बाजी मारल्यावर सहा नंबरच्या वाहिनीला उत्तर शोधावंच लागलं. तेव्हा तिचं नाव डब्ल्यूएफआयएल होतं आणि ती वॉल्टर ॲनेनबर्ग यांच्या ट्रँगल पब्लिकेशन्सची होती. १९७० मध्ये वृत्तप्रमुख मेल कॅम्पमन यांनी ‘ॲक्शन न्यूज’ सुरू केलं. सूत्र अगदी साधं: बातमी छोटी, बातम्या जास्त, वेग कुठेही ढळायचा नाही. लॅरी केन निवेदक झाले. पुढच्याच वर्षी मालकी बदलली. ॲनेनबर्ग यांनी आपल्या वाहिन्यांचा उपयोग राजकीय विरोधक मिल्टन शॅप यांच्याविरुद्ध केल्याचा आरोप होता. शॅप पुढे पेनसिल्व्हेनियाचे गव्हर्नर झाले, परवान्यांवर प्रश्न उभे राहिले आणि वाहिन्या विकायची पाळी आली. सहा नंबर कॅपिटल सिटीजकडे गेली आणि तिला डब्ल्यूपीव्हीआय हे नवं नाव मिळालं. त्यातली शेवटची दोन अक्षरं म्हणजे रोमन लिपीतला सहाचा आकडा.

नव्या मालकाच्या काळात, १९७२ मध्ये, अल हॅम यांची धून आली: ‘मूव्ह क्लोजर टू युअर वर्ल्ड’. हॅम कोलंबिया रेकॉर्ड्समध्ये तयार झालेले निर्माते. कोका-कोलाच्या जाहिरातीतलं गाणं ज्या हिलसाइड सिंगर्सच्या आवाजात १९७१ मध्ये घरोघरी पोचलं, तो गायकांचा संच त्यांनीच उभा केला होता. त्यांची पत्नी मेरी मेयो आणि मुलगीही त्यात गात. चार-दोन सेकंदांत माणसाचा कान पकडायचा ही जाहिरातीची विद्या त्यांना अवगत होती. त्यांच्या धुनेची सुरुवात रणशिंगासारखी आहे. ट्रम्पेट एकदम वर चढतात, खाली ढोलाचा ठोका धावत राहतो आणि त्यावर हेडलाइन्स वाचल्या जातात. शब्दांसह गायलेला लांब अवतार वाहिनीच्या जाहिरातींत वाजतो. ‘आमच्या बातम्या पाहा’ असं तो थेट म्हणत नाही. तो माणसाला त्याच्या जवळच्या जगाकडे बोलावतो.

ही कारागिरी बाहेरून दिसते त्याहून बारीक असते. बातम्यांचं संगीत म्हणजे एक गाणं नव्हे, अख्खा संच. सुरुवातीची पूर्ण धून, तिचे तीस, पंधरा, दहा, पाच सेकंदांचे तुकडे, हेडलाइन्सच्या खाली वाजत राहणारा ताल, जाहिरातींच्या आधीचा झटका, हवामानासाठी सौम्य रूप, मोठ्या अपघाताच्या दिवशी वापरायचं गंभीर रूप. या सगळ्यातून चार-पाच स्वरांची एकच ओळ फिरली पाहिजे, म्हणजे स्वयंपाकघरातल्या माणसालाही पडदा न बघता कळावं की कुठली वाहिनी लागली आहे. संगीतकार हा संच एका प्रसारण-क्षेत्रात एकाच वाहिनीला देतो, पण दुसऱ्या शहरात तोच विकायला मोकळा असतो. म्हणूनच हॅम यांची धून बफेलोच्या लोकांना आपली वाटते आणि स्क्रँटनच्याही. फ्रँक गारी यांचं एक प्रचारगीत तर शहराचं नाव बदलून मिलवॉकीपासून कॅनडातल्या कॅल्गरीपर्यंत गायलं गेलं. ज्या गाण्याने माणसाला आपल्या गावाबद्दल गहिवरून येतं ते ठोक भावाने बनलेलं असू शकतं. तरी तो गहिवर खोटा ठरत नाही. वर्षानुवर्षं तीच चाल वादळाच्या, निवडणुकीच्या, शाळेला सुट्टी मिळाल्याच्या बातमीला जोडली गेली की ती त्या गावचीच होते.

डब्ल्यूपीव्हीआयमध्ये या धुनेला माणसांचीही साथ मिळाली. जिम गार्डनर १९७७ मध्ये मुख्य निवेदक झाले आणि डिसेंबर २०२२ मध्ये निवृत्त झाले. एकाच खुर्चीत पंचेचाळीस वर्षं! या काळात कॅपिटल सिटीजने १९८६ मध्ये साडेतीन अब्ज डॉलरला एबीसी हे अख्खं जाळंच घेतलं, पुढे डिस्नेने दोघांना घेतलं, आणि सहा वाजता तीच धून, तोच माणूस.

तिकडे केवायडब्ल्यूचं उलट झालं. १९९३ च्या अखेरीस फॉक्स या जाळ्याने १.५८ अब्ज डॉलर मोजून फुटबॉलचे हक्क सीबीएसकडून पळवले आणि १९९४ मध्ये न्यू वर्ल्ड समूहाच्या डझनभर वाहिन्या आपल्याकडे ओढल्या. देशभर वाहिन्यांची जाळी बदलू लागली. त्या धांदलीत वेस्टिंगहाउसने सीबीएसशी करार केला आणि १९९५ मध्ये तीस वर्षं एनबीसीची असलेली केवायडब्ल्यू सीबीएसकडे गेली. वर्षअखेरीस वेस्टिंगहाउसने सीबीएसच विकत घेतली. आयविटनेस न्यूज हे नाव १९९१ मध्ये टाकून दिलं होतं, १९९८ मध्ये ते परत आलं आणि अलीकडे, सीबीएसने आपल्या सर्व शहरांतल्या वाहिन्यांना एकसारखी नावं दिली तेव्हा, पुन्हा गेलं. आता तिथल्या बातम्या ‘सीबीएस न्यूज फिलाडेल्फिया’ म्हणून ओळखल्या जातात. न्यूयॉर्कमध्ये आयविटनेस न्यूज अजून चालू आहे. जिथे त्या पद्धतीने पहिला श्वास घेतला तिथे ते नाव उरलं नाही, याचं मला वाईट वाटतं. प्रेक्षकाच्या मनात कित्येक दशकांत साठलेली पत दूरच्या मुख्यालयातल्या ताळेबंदावर दिसत नाही, म्हणून ती इतक्या सहज मोडीत काढली जाते.

मराठी प्रेक्षकाने हा खेळ आपल्या पडद्यावर पाहिला आहे. वृत्तवाहिनीत परदेशी भांडवल २६ टक्क्यांहून जास्त नको, या २००३ च्या नियमामुळे स्टारला आनंदबाजार समूहाशी भागीदारी करावी लागली. त्या भागीदारीतून २००७ मध्ये स्टार माझा आली. ‘स्टार’ हे नाव वापरण्याचा करार संपला आणि १ जून २०१२ पासून ती एबीपी माझा झाली. ‘माझा’ टिकलं, ‘उघडा डोळे, बघा नीट’ टिकलं, आणि प्रेक्षक फारसा हलला नाही. नेटवर्क १८ समूह २०१४ मध्ये रिलायन्सकडे गेला, पुढे आयबीएन लोकमतचं न्यूज१८ लोकमत झालं. मागे कोण आलं आणि कोण गेलं याची चौकशी करणारे घरात किती होते?

ओळख टिकली की विश्वास टिकतो, आणि तोच विश्वास मालकाला आयता मिळतो. यातला धोका २०१८ मध्ये उघड झाला. सिंक्लेअर या कंपनीने आपल्या देशभरातल्या वाहिन्यांच्या निवेदकांना खोट्या बातम्यांविषयीचा एकच मजकूर वाचायला लावला. कोणीतरी ते सगळे तुकडे एकत्र जोडले आणि वेगवेगळ्या शहरांतली, लोकांच्या ओळखीची माणसं एका सुरात तीच वाक्यं म्हणताना दिसली. प्रत्येकाच्या मागे आपापल्या वाहिनीचं बोधचिन्ह होतं. ती चित्रफीत पाहताना अंगावर काटा येतो. ‘ॲक्शन न्यूज’ची पद्धतही निर्दोष नव्हती. झटपट, छोट्या बातम्यांसाठी गुन्हा हा सर्वांत सोयीचा माल. आयविटनेस आणि ॲक्शन न्यूज या दोन शैलींनी कृष्णवर्णीय वस्त्यांची प्रतिमा कशी काळवंडून टाकली, याचा लेखाजोखा ‘फिलाडेल्फिया इन्क्वायरर’ने २०२२ मध्ये मांडला, आणि तो त्या धुनेवर प्रेम करणाऱ्यांनीही वाचावा असा आहे.

सिंक्लेअरचा ट्रिब्यून कंपनी घेण्याचा ३.९ अब्ज डॉलरचा बेत २०१८ मध्येच फसला. पण एकत्रीकरण थांबलं नाही. ट्रिब्यून पुढच्याच वर्षी नेक्सस्टार या कंपनीने घेतली. ऑगस्ट २०२५ मध्ये सीबीएसची मालक कंपनी पॅरामाउंट ही स्कायडान्सकडे गेली, म्हणजे केवायडब्ल्यूचा धनी पुन्हा बदलला. त्याच महिन्यात नेक्सस्टारने टेग्ना ही कंपनी ६.२ अब्ज डॉलरला घेण्याचा करार जाहीर केला. एका मालकाने देशातल्या ३९ टक्क्यांहून जास्त घरांपर्यंत पोचू नये, अशी मर्यादा अमेरिकी काँग्रेसने २००४ मध्ये घातली आहे. या करारासाठी ती ओलांडायची मुभा नेक्सस्टारला मागावी लागली. तेव्हा टेग्नाच्या वाहिन्यांत स्क्रँटनचीही वाहिनी होती, अल हॅम यांची धून आपली मानणाऱ्या त्या शहराची.