दुनळी रायफल आणि तांब्याची गोळी

भिवंडीहून वज्रेश्वरीच्या वाटेने निघाले, की गोदामांची अखंड रांग संपता संपता तानसा खोऱ्यातील वनराई दृष्टीस पडू लागते. तेथील तानसा अभयारण्यात आता बंदुकीचा बार काढणे हा गुन्हा आहे आणि १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यानंतर या देशात छंदाची शिकार इतिहासजमा झाली आहे, हे आरंभीच सांगून टाकलेले बरे. तथापि शिकार संपली तरी शिकारीची हत्यारे संपली नाहीत. वारसाच्या नावे परवान्यावर चढलेल्या, किंवा परवान्याची मुदत टळल्यामुळे पोलीस ठाण्याच्या मालखान्यात जमा झालेल्या मोठ्या व्यासाच्या विलायती रायफली अद्याप शिल्लक आहेत. आणि पाश्चात्त्य देशांत शिशाऐवजी तांब्याची गोळी वापरण्याचा जो प्रघात पडत चालला आहे तो पाहता, ती गोळी आजोबांच्या दुनळी रायफलीत चालेल काय, अशी जिज्ञासा एखाद्या नातवास वाटल्यास ती अस्थानी म्हणता येणार नाही.

या रायफलींचा जन्म कॉर्डाइट नावाच्या धूरविरहित दारूपासून झाला. १८९८ साली लंडनच्या जॉन रिग्बी या कारखानदाराने ४५० (म्हणजे ०.४५० इंच) व्यासाची पहिली 'नायट्रो एक्स्प्रेस' रायफल काढली. परंतु त्याच व्यासाची गोळी लष्करी मार्टिनी-हेन्री रायफलीतही जात असल्याने, ती बंडखोरांच्या हाती पडेल या धास्तीने सरकारने हिंदुस्थानात त्या व्यासावर बंदी घातली, आणि केवळ या एका फर्मानापायी विलायतेतील कारखानदारांना ४६५, ४७०, ४७५ असे नवे व्यास शोधावे लागले. एका वसाहतीच्या कचेरीतील हुकुमाने साऱ्या जगाच्या शिकारी हत्यारांची मापे बदलावीत, हा इतिहासाचा विनोदच म्हणावयाचा! उष्ण हवेत कॉर्डाइटचा दाब वाढतो, म्हणून या रायफलींची काडतुसे ऐसपैस ठेवून दाब मुळातच बेताचा राखलेला असे. आणि नळ्याही, हत्यार खांद्यावर पेलता यावे म्हणून, फार जाड नसत.

आता तांब्याकडे वळू. शिशाची घनता ११.३, तांब्याची ८.९, अर्थात त्याच व्यासाची व त्याच वजनाची गोळी तांब्याची घडवावयाची तर ती शुद्ध शिशाच्या गोळीहून सुमारे सव्वापट लांब होते. लांब गोळीला हवेत स्थिर राहण्यासाठी अधिक जलद फिरकी लागते, आणि नळीच्या आतील मळसूत्री खाचांचा पीळ तर शंभर वर्षांपूर्वीच ठरून गेलेला असतो. म्हणून बहुधा वजनच कमी करावे लागते. परंतु दुनळी रायफलीच्या दोन नळ्या एका विशिष्ट वजनाच्या व वेगाच्या गोळीसाठीच एकमेकींशी जुळवून डाक दिलेल्या असतात. वजन किंवा वेग बदलला, की उजव्या व डाव्या नळीचे नेम फाकण्याचा संभव असतो.

याहून गंभीर बाब काठिण्याची. तांब्याच्या पातळ आवरणातील शिसे खाचांतून जाताना दबते. अखंड तांबे तितके दबत नाही. तांबे ठोकता ठोकता कठीण होत जाते आणि पुन्हा भट्टीत लाल करून घ्यावे लागते, हे कोणताही तांबट सांगेल. गोळीला मात्र नळीतून जाताना अशी उसंत कोठून मिळणार? गोळी किंचित जाड असली, तर पातळ नळीवर इतका ताण येतो, की आतील खाचांच्या रेघा बाहेरच्या पृष्ठभागावर उमटल्याच्या तक्रारी जाणकार करीत आले आहेत. म्हणून अलीकडील तांब्याच्या गोळ्यांच्या अंगावर वळी कोरलेली असतात. गोळी पूर्ण अंगाने न घासता त्या अरुंद कडांवरच नळीत धरली जाते आणि दाब उतरतो. शिवाय जुन्या कारखानदारांच्या नळ्यांची मापे एकसारखी नसत. तेव्हा मऊ शिशाची गुळी नळीतून ढकलून तिचे माप सूक्ष्ममापकाने घेतल्याखेरीज कोणती गोळी योग्य हे ठरविता येत नाही.

इतका खटाटोप कशासाठी? शिशाची गोळी जनावराच्या देहात शिरताच तिचे बारीक कण मांसात विखुरतात, आणि ते अवशेष खाणारे पक्षी विषबाधेने मरतात. १९८२ साली अवघे २२ उरलेले कॅलिफोर्नियाचे कॉन्डोर गिधाड हे त्याचे ठळक उदाहरण. त्या राज्याने १ जुलै २०१९ पासून शिकारीत शिशाच्या गोळ्यांस पूर्ण बंदी केली. आपल्याकडील गिधाडांचा मुख्य घातक निराळा, गुरांना दिले जाणारे डायक्लोफेनॅक हे औषध; त्याच्या पशुवैद्यकीय वापरावर २००६ साली बंदी आली. तेव्हा तांब्याच्या गोळीची उपयुक्तता कबूल करूनही, शिकारच नसलेल्या देशात तिच्यासाठी वडिलोपार्जित नळी पणास लावण्यात मला शहाणपण दिसत नाही.

ज्यांच्या घरी असे हत्यार असेल, त्यांनी गोळीच्या आधी कागद पाहावा. २०१९ च्या दुरुस्तीनंतर एका इसमास दोनच बंदुका बाळगता येतात, वारसाहक्काची बंदूकही त्या दोनांतच धरली जाते, आणि मुदत संपलेल्या परवान्याचे हत्यार पोलीस ठाण्यात अथवा परवानाधारक विक्रेत्याकडे जमा करावे लागते. भिवंडी शहरातील रहिवाशांनी यासाठी ठाणे पोलीस आयुक्तालयाकडे, तर तालुक्यातील गावकऱ्यांनी जिल्हाधिकारी कचेरीकडे चौकशी करावी.