खंडोबाचा घोडा मूळचा कुणाचा?

नांदेड-लातूरकरांनो, माळेगावच्या यात्रेत घोड्यांसोबत सेल्फी तर काढला असेल. पण खंडोबाचा पांढरा घोडा मूळचा कुणाचा, माहितेय? मणी नावाच्या दैत्याचा!

‘मल्हारी माहात्म्य’ सांगतं, मणी आणि मल्ल या भावांनी ऋषींना छळलं. खंडोबाशी लढताना मणी हरला, पस्तावला. त्यानं आपला घोडा दिला आणि देवाजवळ जागा मागितली. ती मिळालीही! लोककथेतल्या मल्लानं मात्र मरताना जगाचा नाश मागितला. त्याचं शिर देवळाच्या पायरीशी गेलं. जेजुरीत आजही मणीची पूजा होते. दैत्याची, बरं का!

आमच्या घरच्या तसबिरीत घोड्याच्या पायाशी दैत्य आहे, हे मी बाविसाव्या वर्षी पाहिलं. तुमच्या तसबिरीत बघा जरा.