नकाशातल्या रेघेच्या अलीकडे

जपानच्या मियागी प्रांतातल्या इशिनोमाकी शहराच्या नकाशात ओकावा प्राथमिक शाळा त्सुनामीच्या पट्ट्याबाहेर होती. समुद्र तिथून जवळजवळ चार किलोमीटर लांब. आपत्तीत आसरा घ्यायच्या ठिकाणांतही तिचे नाव होते. ११ मार्च २०११ ला दुपारी २.४६ वाजता ९.० तीव्रतेचा भूकंप झाला. शिक्षकांनी मुलांना मैदानात आणले, हजेरी घेतली आणि पुढे कुठे न्यायचे यावर खल सुरू झाला. शाळेमागेच टेकडी होती. मुले अळंबी लावायला तिथे जातही असत. पण नकाशा म्हणत होता की इथेच ठीक आहे, आणि गावकरीही आसऱ्याला शाळेतच येत होते. अखेर सगळे निघाले ते नदीवरच्या पुलाजवळच्या उंचवट्याकडे, म्हणजे पाण्याच्याच दिशेने. लाट कितकामी नदीच्या पात्रातून वर चढत आली. शाळेतली घड्याळे ३.३७ वर थांबली. ७४ मुले आणि १० शिक्षक-कर्मचारी गेले.

असा नकाशा होतो कसा? आधी भूकंप गृहीत धरायचा: कुठल्या भेगेवर, किती मोठा. मग समुद्रतळाची खोली आणि किनाऱ्यावरचे चढउतार संगणकात भरून पाणी कुठवर आणि किती खोल शिरेल ते काढायचे आणि त्या हद्दीची रेघ आखायची. गणित बिनचूक असले तरी पहिले गृहीतकच तोकडे असेल तर रेघ चुकते. मियागीचे नकाशे किनाऱ्यालगत दर काही दशकांनी होणाऱ्या भूकंपावर बेतलेले होते. इसवी सन ८६९ च्या जोगान त्सुनामीने सेंदाईच्या मैदानात आत खोलवर टाकलेले वाळूचे थर संशोधकांनी २०११ च्या आधीच दाखवले होते. ते नकाशात वेळेत उतरले नाहीत.

त्या रेघेच्या कुठल्या बाजूला काय उभे आहे, हे माझ्या मते रेघेइतकेच महत्त्वाचे. मिनामिसानरिकु गावात आपत्तीच्या वेळी कारभार चालवायचा म्हणून बांधलेली तीन मजली इमारत लाटेखाली गेली; तिचा लाल लोखंडी सांगाडा तेवढा राहिला. जवळच्या शिझुगावा रुग्णालयात पाणी चौथ्या मजल्यापर्यंत चढले आणि रुग्ण व कर्मचारी मिळून सत्तरहून अधिक माणसे दगावली. फुकुशिमा दाइइची अणुवीज प्रकल्पात आणीबाणीची बहुतेक डिझेल जनित्रे तळघरात होती. पुढचे जगाला ठाऊक आहे. ज्यांनी संकटात धावून यायचे, त्यांनाच सखल जागा दिलेली.

उत्तरेला कामाइशी शहरात मात्र वेगळे घडले. प्रा. तोशिताका कताडा तिथल्या मुलांना वर्षानुवर्षे शिकवत होते की अंदाजावर विसंबू नका. तिथल्या उनोसुमाई भागातल्या दोन्ही शाळा नकाशाप्रमाणे सुरक्षित होत्या, तरी मोठी मुले धाकट्यांचे हात धरून पळाली, आणि पहिला आसरा धोक्याचा वाटताच आणखी वर गेली. ती वाचली.

ओकावाच्या पालकांनी दावा लावला. २०१८ मध्ये सेंदाई उच्च न्यायालयाने शहर आणि प्रांताला जबाबदार धरले: शाळा नदीकाठी आहे हे लक्षात घेऊन प्रशासनाने नकाशाच तपासायला हवा होता. सर्वोच्च न्यायालयाने २०१९ मध्ये तो निकाल कायम ठेवला. त्याआधी, २०११ च्या डिसेंबरातच जपानने कायदा करून प्रांतांवर कमाल संभाव्य त्सुनामी धरून नकाशे काढायची जबाबदारी टाकली. भिंती नेहमीच्या लाटेसाठी, मोठ्या लाटेसाठी पळायची वाट, अशी विभागणी झाली.

हा प्रश्न जपानपुरता नाही: आपल्या पश्चिम किनाऱ्यासमोर, पाकिस्तान-इराणच्या किनाऱ्याजवळ, मकरानची भेग आहे. २८ नोव्हेंबर १९४५ च्या भूकंपानंतर तिथून निघालेली लाट मुंबईपर्यंत पोचली आणि इथेही माणसे बुडाल्याची नोंद आहे. हैदराबादच्या ‘इन्कॉइस’ या सागरी माहिती संस्थेत २००७ पासून त्सुनामी इशारा केंद्र चालते. ही संस्था किनाऱ्याचे धोक्याचे नकाशेही तयार करते. कोकणात खाड्या आत दूरवर जातात, तेव्हा समुद्र लांब आहे म्हणून निर्धास्त राहणे परवडणारे नाही. ग्रामसभेत किंवा नगरपालिकेत असा नकाशा मांडला गेला तर आपले घर शोधण्याआधी ग्रामीण रुग्णालय, वीज उपकेंद्र, पाण्याचा पंप आणि शाळा कुठे पडतात ते पाहा. हिशेब कुठला भूकंप धरून केला आहे, हेही विचारा.