एकामागून एक गडगडाटी ढग : अतिवृष्टीचा अंदाज कसा बांधतात?



पावसाळा आला की एक प्रश्न आम्हाला हमखास विचारला जातो. हवामान खाते जोरदार पावसाचा इशारा देते आणि आपल्या मोहल्ल्यात मात्र ऊन पडते. मग शाळेने इशारा का मानावा?

याचे उत्तर ढगांच्या वागण्यात आहे. एकटा गडगडाटी ढग साधारण अर्ध्या-एक तासात रिकामा होतो. पण बरसणाऱ्या ढगातून थंड हवा खाली उतरून जमिनीवर पसरते. ती जवळच्या दमट, उबदार हवेला वर ढकलते आणि तेथे नवा ढग तयार होतो. वारे त्यालाही पहिल्याच्याच वाटेने नेतात. मालगाडीचे डबे एकाच रुळावरून जावेत तसे ढग एकाच वस्तीवरून जात राहतात. पाऊस थांबतच नाही. एक मिलिमीटर पाऊस म्हणजे दर चौरस मीटरवर एक लिटर पाणी. सिमेंटच्या शहरात ते मुरत नाही, थेट नाल्यात धावते.

२६ जुलै २००५ रोजी मुंबईत सांताक्रूझ येथे २४ तासांत ९४४ मिलिमीटर पाऊस झाला. पंचवीसेक किलोमीटरवरील कुलाब्यात मात्र फक्त ७३ मिलिमीटर. ऑगस्ट २०२०मध्ये आपल्या इंदौरनेही एका दिवसात २५० मिलिमीटरहून अधिक पाऊस पाहिला.

कमी दाबाचे क्षेत्र, हवेतील ओलावा व वाऱ्यांची दिशा पाहून शास्त्रज्ञ एक-दोन दिवस आधी जिल्ह्यांना इशारा देऊ शकतात. परंतु ढगांची रांग नेमकी कोणत्या वस्तीवर थांबेल, हे तेव्हा सांगता येत नाही. ते बव्हंशी ढग तयार झाल्यावरच उमगते. तेव्हा डॉप्लर रडार पावसाच्या थेंबांवरून परतणाऱ्या लहरींवरून पावसाचा जोर आणि वाऱ्याची गती दाखवते. त्यावरून पुढील सुमारे तीन तासांचा तातडीचा अंदाज दिला जातो. म्हणजे नेमकी माहिती मिळेपर्यंत हाती वेळ थोडाच उरतो.

म्हणून इशाऱ्याचे रंग समजून घ्यावेत. पिवळा : लक्ष ठेवा. नारिंगी : तयार राहा. लाल : कृती करा. २४ तासांत २०४.४ मिलिमीटरहून अधिक पावसाला हवामान खाते अत्यंत जोरदार पाऊस म्हणते. आपल्या मोहल्ल्यात ऊन पडले म्हणून इशारा खोटा ठरत नाही. पाऊस शेजारच्या मोहल्ल्यात पडलेला असू शकतो, आणि त्याचे पाणी नाल्याने आपल्याकडे येऊ शकते.

पालकांना आमची कळकळीची विनंती आहे. शाळा सुटण्याच्या वेळी जोराचा पाऊस असेल तर मुलांना नेण्याची घाई करू नये. मुले शिक्षकांसोबत शाळेतच सुरक्षित राहतील, मग कितीही उशीर होवो. पाणी वाहत असलेला रपटा गाडीने किंवा पायी ओलांडू नये. वेगाने वाहणारे अर्धा फूट पाणीही मोठ्या माणसाचे पाय उचलते आणि फूटभर पाणी लहान कार वाहून नेऊ शकते.

विश्वस्त मंडळाला आमचे निवेदन आहे की गच्चीवर एक पर्जन्यमापक बसवावा. विद्यार्थ्यांनी रोज सकाळी साडेआठला नोंद घ्यावी आणि वृत्तपत्रातील आकड्याशी ताडून पाहावी. एकाच शहरात पाऊस किती वेगवेगळा पडतो, हे त्यांना स्वतःच कळेल.